आत सरकलेली रेघ

स्क्रीनवर कुणाचा स्कॅन उघडा असेल तर टेबलाशी बसून काही खायचं नाही, असा बाईंचा नियम होता. पहिल्या दिवशी मी डबा उघडला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला वाटलं, कीबोर्डवर खरकटं सांडेल म्हणून पाहत असतील. मी रुमाल अंथरला.

"रुमालाचं नाही हो," बाई म्हणाल्या. "ते उपाशी आहेत."

"कोण?"

त्यांनी हनुवटीनं स्क्रीनकडे खूण केली. तिथे एका अनोळखी माणसाच्या पोटाचं चित्र होतं. शिरेतून रंग सोडून असला स्कॅन काढायचा असेल तर माणसाला आधी काही तास उपाशी ठेवतात. "पाहुणे सकाळपासून रिकाम्या पोटी पडलेत, आणि आपण त्यांच्यासमोर इडली खायची?"

मी डबा घेऊन जिन्यात गेले. तिथे माझा सहकारी नरेश उभ्या उभ्या दहीभात खात होता. तो तेलुगू, पण बाईंच्या हाताखाली राहून मराठी समजायला आणि कामापुरतं बोलायला शिकला होता. "मी इथं लागल्यापासून जिन्यातच जेवतो," तो म्हणाला. "हवा चांगली येते."

तो स्कॅन कुठल्या तरी दूरच्या शहरात, कधीच्या काळी काढलेला होता. तो माणूस तेव्हापासून किती वेळा जेवला असेल. हे बाईंना कुणी सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

बाई रेडिऑलॉजिस्ट होत्या. सरकारी इस्पितळात नोकरी करून निवृत्त झाल्या आणि मग हैदराबादच्या मलकपेठेतल्या आमच्या लहानशा कंपनीत आल्या. कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. स्कॅनमध्ये शरीर पातळ पातळ कापांत दिसतं, काकडीच्या चकत्या असाव्यात तसं. प्रत्येक चकतीत रोगट रक्तवाहिनीच्या कडेनं रेघ काढायची. अशा शेकडो रेघा एकावर एक ठेवल्या की वाहिनीचा आकार उभा राहतो. ती कुठे चोंदली आहे, कुठे फुगली आहे, ते मोजता येतं. पहिली रेघ कॉम्प्युटर काढतो. ती पाहून दुरुस्त करणं हे नरेशचं आणि माझं काम, आणि आमची दुरुस्ती तपासणं हे बाईंचं. मी पुण्याहून नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेली, शरीरशास्त्र शिकलेली, माणसांत बसण्यापेक्षा पुस्तक घेऊन बसणारी. अंधाऱ्या खोलीत दिवसभर गप्प बसून रेघा काढायच्या आहेत, असं मुलाखतीत सांगितलं तेव्हा मला ही नोकरी फारच आवडली. बाईंबद्दल मुलाखतीत कुणी काही बोललं नव्हतं.

रंगामुळे वाहतं रक्त स्कॅनमध्ये पांढरंशुभ्र दिसतं. नवा माणूस त्याच्याच कडेनं रेघ काढून मोकळा होतो. पण फुगलेल्या वाहिनीत आतल्या बाजूनं गोठलेल्या रक्ताचा जाड थर बसलेला असतो. तो राखाडी, त्याच्या बाहेरची वाहिनीची खरी भिंतही राखाडी, भिंतीला टेकलेलं आतडंही राखाडी. "रक्त कुणालाही दिसतं," बाई म्हणायच्या. "भिंत कुठाय ते सांगा. फुटते ती भिंत."

कॉम्प्युटरला त्या जावई म्हणत. तो कधी काही विचारत नाही, त्याला कशाची शंका येत नाही, आणि चुकला तरी त्याला चारचौघांत बोलता येत नाही, अशी कारणं त्यांनी दिली होती. सकाळी आल्या की शाल सावरून खुर्चीत बसत, चपला टेबलाखाली काढून ठेवत आणि विचारत, "काय म्हणतात जावई?" जावयाचं काम चांगलं असेल तर त्या मनापासून कौतुक करत. "मणक्यापाशी किती नीट वळलाय बघा. घरचं वळण चांगलं आहे." आणि त्यानं आतड्याचं एखादं वेटोळं वाहिनीत ओढून घेतलं असेल तर रागावत नसत, नरेशकडे वळून म्हणत, "जावयांनी शेजारच्यांची भिंत पण आपल्यात घेतली की हो. हल्लू सरकव मागं. त्यांना कळू नको देऊ."

त्यांचं मराठी मला सुरुवातीला गमतीचं वाटे. दोन पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं मराठवाड्यातली शेती सोडून हैदराबादेत आलं होतं. होय म्हणायचं तर हौ, नको म्हणायचं तर नक्को, आणि घाई करणाऱ्याला, "कायकू परेशान होता?" मला त्या पुणेवाली म्हणत. मी "कृपया" म्हटलं की हसत.

रोज किती चकत्या झाल्या पाहिजेत, याचा एक तक्ता मॅनेजरनं भिंतीवर लावला होता. बाई त्याच खिळ्याला आपली पिशवी अडकवत. पिशवी मोठी होती. आमच्या खिडकीतून रेसकोर्स दिसे, आणि शर्यतीच्या दिवशी लोकांचा गलका वर येई. मॅनेजर चकत्यांबद्दल बोलायला आला की बाई पडदा बाजूला करून त्याला बाहेर दाखवत. "पळवायचं ते तिकडं पळवतात."

पण मॅनेजरशी त्यांचं खरं भांडण झालं ते उघड्या रेघेवरून. जिथे त्यांना भिंत दिसत नसे तिथे त्या रेघ थांबवत आणि पलीकडे पुन्हा दिसू लागली की तिथून सुरू करत. मध्ये फट. कॉम्प्युटरला फट चालत नाही. रेघ बंद झाल्याशिवाय माप निघत नाही.

"मॅडम, अंदाजानं जोडून टाका ना," मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही जोडा. मी सही करते, की इथं मॅनेजरसाहेबांना दिसलं."

मॅनेजर बी. कॉम. होता. त्यानं जोडलं नाही. हे बरेच दिवस चाललं. शेवटी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी एक तुटक रेघ तयार केली: माप निघण्यापुरती बंद, पण इथे अंदाज आहे हे दाखवणारी. परदेशातल्या गिऱ्हाइकांना ती फार आवडली. ही कल्पना कुठल्या संशोधनातून आली, असं त्यांनी विचारलं. मॅनेजरनं बाईंच्या पिशवीकडे पाहिलं आणि आमच्याकडे याच्यावर बराच काळ काम चालू होतं, असं उत्तर दिलं.

त्यांचा आणखी एक नियम होता. ओळखीच्या माणसाची रेघ आपण काढायची नाही. एकदा नरेशच्या मामांचा स्कॅन आमच्याकडे आला, तेव्हा त्यांनी तो त्याच्याकडून काढून मला दिला. "माया असली की हात आत सरकतो," त्या म्हणाल्या. "आजार लहान दिसावा असं वाटतं ना. डोळा तेच बघतो."

"आणि सासऱ्यांचा असला तर, मॅडम?" नरेशनं विचारलं.

"तर बाहेर सरकतो. तो पण नक्को."

बाई अंबरपेठेत एका वरच्या मजल्यावर भावाबरोबर राहत. दोघंही बिनलग्नाचे. दादा त्यांच्याहून मोठे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्याकडे कपाटभर मराठी पुस्तकं होती आणि वाचणारं कुणी राहिलं नव्हतं, म्हणून बाई मला एका रविवारी घेऊन गेल्या. मग मी दर रविवारी जाऊ लागले. दादा पुस्तक देत, आणि परत करताना त्यातले दोनचार प्रश्न विचारत. उत्तर आलं नाही तर पुढचं पुस्तक मिळत नसे.

बहीणभावाचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, असं म्हणता येणार नाही. ते दिवसभर बोलत. फक्त एकमेकांकडे बघून बोलत नसत. मी गेले की दोघांनाही बरं वाटे, कारण मध्ये कुणीतरी मिळे.

"यांना सांगा," दादा मला म्हणत, "पंखा तीनवर ठेवला की माझे कागद उडतात."

"यांना सांगा," बाई आतून म्हणत, "कागदावर पुस्तक ठेवायचं असतं. घरात तेवढंच आहे."

वरण पातळ की घट्ट, पेपर आधी कुणी उघडायचा, त्यांची आई कोणत्या वारी गेली, कशावरही त्यांचं एकमत नसे. आणि आपलं चुकलं असं दोघांपैकी कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. एखादी गोष्ट सिद्धच झाली तर हरलेला माणूस उठून चहा टाकी. त्यावरून समजायचं.

मग दादांच्या पोटात दुखू लागलं. मुतखडा असेल म्हणून स्कॅन काढला. खडा निघाला नाही. निघाली ती पोटातली मुख्य रक्तवाहिनी, मधोमध फुगलेली. ती साडेपाच सेंटिमीटरच्या वर गेली की फुटण्याची भीती वाढते आणि सर्जन ऑपरेशन सुचवतात. रिपोर्टमध्ये माप साडेपाचच्या बरंच वर होतं. ते माप त्या इस्पितळात आमच्याच कंपनीच्या प्रोग्रॅमनं काढलं होतं.

ऑपरेशन सोपं नव्हतं. दादांनी बरीच वर्षं सिगारेट ओढली होती. फुप्फुसं खराब होती. दादा त्याचा दोष खडूच्या धुळीला देत. पोट न उघडता आतून नळी बसवायची सोय आहे, पण त्यांच्या वाहिनीचं वळण त्याला योग्य नव्हतं. भूल दिली तर ते उठतील की नाही याची खात्री भूलतज्ज्ञ देईनात. आणि नाही केलं तर घरात, कधीही. सगळं त्या मापावर होतं.

बाईंनी सीडी ऑफिसात आणली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुम्ही नक्को. तुम्ही त्यांच्या हातचा चहा प्यालात." नरेश कधी अंबरपेठला गेला नव्हता. त्यांनी त्याला बसवलं आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी त्या स्कॅनला पाहुणे म्हटलं नाही.

नरेशनं एकेक चकती पाहिली. वाहिनीच्या पुढच्या बाजूला एक राखाडी फुगवटा होता. जावयानं तो भिंतीत धरला होता. "मॅडम, हे भिंतीचंच वाटतं," नरेश म्हणाला. "पण नक्की नाही." आणि त्यानं तिथे तुटक रेघ काढली. माप जवळजवळ तेवढंच आलं.

"उठ," बाई म्हणाल्या.

त्या बसल्या. चपला काढायच्या विसरल्या. त्या फुगवट्याच्या आतून त्यांनी सरळ, न तुटलेली रेघ काढली, एका चकतीत, मग पुढच्या, मग पुढच्या. माप साडेपाचच्या चांगलं खाली आलं. "आतडं आहे ते," त्या म्हणाल्या. "भिंतीला चिकटून बसलंय. भिंत आत आहे."

नरेश सावकाश म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, ओळखीच्या..."

"हौ," बाई म्हणाल्या. "मीच म्हणते."

त्या स्क्रीनकडे पाहत राहिल्या. त्यांना फुगवट्यात आतडं दिसत होतं. सगळ्या नोकरीत त्यांनी अशी आतडी ओळखली होती. पण हे दिसतंय की दिसावंसं वाटतंय, हे त्यांना त्या खुर्चीत बसून ठरवता येत नव्हतं. सर्जनला फोन करून "प्रोग्रॅम चुकलाय, थांबा" असं त्यांनी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. तो त्यांना मानत होता. त्यांनी फोन केला नाही.

त्याऐवजी त्यांनी पुन्हा स्कॅन काढायचं ठरवलं. आतडं हलतं, भिंत हलत नाही. दादांना आधी भरपूर पाणी पाजायचं, कुशीवर निजवायचं, आणि रंग न घालता तेवढ्याच भागाचा स्कॅन घ्यायचा. फुगवटा सरकला तर आतडं. जागेवर राहिला तर भिंत.

त्या रविवारी मी पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा वाद ऐन भरात होता.

"यांना सांगा," दादा म्हणाले, "मी काय गाठोडं आहे, या कुशीवरून त्या कुशीवर टाकून बघायला? एकदा फोटो काढला, झालं. कापायचं तर कापा."

"यांना विचारा, कापल्यावर उठणार का?"

"नाही उठलो तर यांना पंखा पाचवर ठेवता येईल."

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात पळी होती. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यांना सांगा, की मी रेघ काढलीय. ती बरोबर असेल तर ऑपरेशन लागत नाही. पण..." त्या थांबल्या. "पण मी चुकलेली असू शकते."

दादांनी चष्मा काढला. "काय म्हणाली?"

"मी चुकलेली असू शकते."

"आणि ते त्या दुसऱ्या फोटोत कळेल?"

"कळेल."

"कागदावर येईल?"

"येईल."

दादा उठले आणि शर्ट शोधू लागले. "रविवारचं उघडं असतं का?" त्यांनी मला विचारलं.

स्कॅन सोमवारी झाला. पाणी पिताना दादांनी एकदाही तक्रार केली नाही. रेघ नरेशनंच काढली. बाई त्या वेळेपुरत्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. फुगवटा सरकला होता. आतडंच होतं ते. जावई चुकला होता. पण ते सरकल्यावर खालची भिंत उघडी पडली, आणि ती बाईंनी काढली होती तिथे नव्हती. दोन मिलिमीटर बाहेर होती. माप साडेपाचच्या किंचित खाली आलं. थांबता येण्याइतकं खाली, निर्धास्त होण्याइतकं नाही. सर्जन म्हणाला, आता ऑपरेशन नको. दर सहा महिन्यांनी बघू.

नरेशनं जिन्यात जाऊन हे सांगितलं. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "माझी रेघ?"

"दोन मिलिमीटर आत, मॅडम."

"आत," बाई म्हणाल्या. मग त्या आत आल्या, बसल्या, आणि ती रेघ बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तुटक सुद्धा नाही काढली मी."

घरी त्यांनी गेल्या गेल्या चहा टाकला. आपण वाचलो यापेक्षा दादांना त्या दोन मिलिमीटरचा जास्त आनंद झाला होता. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना, किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला त्यांनी ते सांगितलं. पट्टी घेऊन दोन मिलिमीटर म्हणजे किती तेही दाखवलं. इस्त्रीवाला म्हणाला, "साब, इतने में क्या होता?" दादा म्हणाले, "होता. बहोत होता."

बाई ऐकून घेत. कामावर मात्र फरक पडला. पूर्वी आमची रेघ खोडताना त्या कारण देत नसत. आता देऊ लागल्या. आणि कधी कधी नरेशला हाक मारून विचारत, "हे मला दिसतंय. तुला दिसतंय का?" नरेशला हे अवघड जाई. तो म्हणे, पूर्वीच्या मॅडम बऱ्या होत्या.

दादांचे पुढचे स्कॅन ठीक आले. वाढ होती, पण फार थोडी. दर खेपेला आम्ही मापाची वाट पाहत बसायचो. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दादांकडे होतं. या थंडीत बाईंना साधा ताप आला, छातीत कफ झाला, आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. अंबरपेठच्या घरी माणसं जमली होती. दादा दारात खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला समजावल्यासारखं सांगत होते, "माझं जायचं ठरलं होतं. हिचं काही नव्हतं."

ऑफिसात त्यांची पिशवी काही दिवस खिळ्यावर तशीच होती. मॅनेजरनं ती स्वतः काढून घरी पोचवली, आणि तक्ताही उतरवला.

पुढच्या स्कॅनची वेळ आली तेव्हा दादांना मी घेऊन गेले. नरेशनं रेघ काढली. आतडं बाजूला होतं, भिंत स्वच्छ दिसत होती, अंदाजाचा प्रश्नच नव्हता. माप साडेपाचच्या वर गेलं होतं. अगदी थोडं, पण वर. सर्जननं सगळं पुन्हा मांडलं: ऑपरेशनची वेळ आली आहे, फुप्फुसं आहेत तशीच आहेत, किंबहुना जरा वाईट, दोन्हीकडे धोका आहे, आणि कुठला पत्करायचा ते दादांनी ठरवायचं.

त्यांना मी घरी सोडलं. जिना चढून त्यांना धाप लागली होती, म्हणून पाणी आणून दिलं. बहिणीच्या खोलीचं दार बंद होतं. पंखा तीनवर होता.

"तिची रेघ किती आत गेली होती?" दादांनी विचारलं. मी खोलीत एकटीच होते, तरी त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं.

"दोन मिलिमीटर."

"आज ती असती आणि तिनं काढली असती, तर?"

मी मनात वजाबाकी केली. "साडेपाचच्या खाली आलं असतं."

"म्हणजे ऑपरेशन नको."

"पण दादा, ते माप चुकीचं असतं."

"मला सांगता? साऱ्या अंबरपेठेला मीच सांगितलंय." त्यांनी पाणी संपवलं आणि पेला पालथा ठेवला. "तिचंच धरा."

मी पुष्कळ समजावलं. आज नको तर आठवड्यानं ठरवा म्हटलं, दुसऱ्या सर्जनला दाखवू म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग मागच्या पुस्तकातला एक प्रश्न विचारला. मी सर्जनला खरं माप आणि दादांचा नकार, दोन्ही कळवलं. बहिणीचं म्हणणं दादांनी वाद न घालता मान्य केलं, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि नेमकी तिथेच ती चुकलेली होती.